दर्जा : समाधानकारक

मी मुळातली भित्री. पाल, वीज, कुत्रं, परीक्षा, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, कशालाही घाबरणारी. अक्का म्हणायची, "हिला सावलीबी चावती." अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून कॉलेजात नाव घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं आणि माझी भीतीही तिनंच सांभाळली. भित्र्या माणसाचा एक फायदा असतो, तो कामाला चोख असतो. एकदा तपासलेलं पुन्हा तपासतो. त्या जोरावरच सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली आणि टिकली. तिथं आम्ही माणसांच्या रक्तातली गुणसूत्रं बघतो.

बघतो म्हटलं की लोकांना वाटतं, काचेखाली रक्त ठेवलं की झालं. तसं नसतं. एरवी पेशीत गुणसूत्रं अशी वेगळी दिसतच नाहीत. एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर दोन मीटर भरेल, आणि तो साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या एवढ्याशा जागेत मोकळा पसरलेला असतो. पेशीची विभागणी व्हायची वेळ आली की मात्र हा पसारा आवरावा लागतो, नाहीतर दोन्हीकडे सारखी वाटणी होणार कशी? हे आवरायचं काम कंडेन्सिन नावाचा प्रथिनांचा संच करतो. पाच प्रथिनं मिळून एक कडं होतं. ते धाग्यावर बसतं आणि धागा आपल्यातून ओढत राहतं, त्याचा फास मोठा मोठा होत जातो. अशी पुष्कळ कडी धाग्याच्या लांबीभर बसतात, मोठ्या फासांच्या पोटात लहान फास पडतात, आणि सगळा धागा जाड, आखूड, उचलण्याजोगा होतो. आमचे वडील रानातून परतताना बैलाचा कासरा अंगठा आणि कोपर यांच्यात वेटोळी घालून गुंडाळायचे, त्यातलाच प्रकार. दुसरा संच कोहेसिनचा. धाग्याची नक्कल तयार झाली की मूळ आणि नक्कल या दोघांना तो वाटणीच्या घटकेपर्यंत एकत्र धरून ठेवतो.

आम्ही या आवराआवरीच्या मध्येच पेशीला थांबवतो. रक्त तीन दिवस उबेत वाढवायचं, मग त्यात कोल्चिसिन नावाचं औषध घालायचं. त्यानं वाटणी करणारे दोर मोडतात आणि पेशी जागच्या जागी अडकते. गुणसूत्रं आवरलेली असतात, पण वाटली गेलेली नसतात. मेख अशी की पेशी थांबली तरी कंडेन्सिन थांबत नाही. ते ओढतच राहतं. औषध जास्त वेळ राहिलं की गुणसूत्रं आखूड होत जातात आणि रंगवल्यावर त्यांच्यावर उमटणारे काळे-पांढरे पट्टे एकमेकांत मिसळून जातात. आमची सगळी ओळख त्या पट्ट्यांवर. त्यातच गुणसूत्राच्या हातांमधलं कोहेसिन सुटतं, मधल्या कमरेपाशी तेवढं उरतं, आणि प्रत्येक गुणसूत्र इंग्रजी एक्ससारखं दिसायला लागतं. शाळेच्या पुस्तकात हाच एक्स असतो आणि तो सुबक काढला की मार्क मिळतात. आमच्याकडे तसा एक्स दिसला की चाचा म्हणतात, "बिगडलं. पुन्हा कर, बेटा."

चाचा आमचे जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला आलेले, हात मात्र अजून न थरथरणारा. घरी दखनी, कामावर मराठी, आणि फार राग आला की अगदी गप्प. आमच्या मॅडम रिपोर्टवर सही करतात, पण त्याही काचपट्टीवर शंका आली की आधी चाचांना हाक मारतात.

अक्काला मैंदर्गीला दिलेलं. थोडी शेती, वीसेक शेळ्या, बोलभांड सासू आणि अबोल नवरा. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत गर्भ पडला. सासूनं पहिल्या वेळी पपईला दोष दिला, दुसऱ्या वेळी सुनेला. मीच म्हटलं, एकदा तुझं आणि दाजींचं रक्त बघू. असं पुन्हापुन्हा होतं तेव्हा कधीकधी दोघांपैकी एकाच्या दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या माणसाला स्वतःला काही होत नाही, कारण सामान सगळं घरातच असतं, फक्त जागा बदललेली. मुलाकडे जाताना मात्र हिशेब चुकू शकतो, एक तुकडा जास्तीचा जातो, एक जातच नाही. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. काही वेळा टिकतो, जन्मतो. अशी मुलं आईच्या कडेवर आमच्याकडे तपासणीला येतात. त्यांच्याबद्दल इथं लिहायची माझी हिंमत नाही.

दाजी म्हणाले, "बाप्याला काय धाड भरलीया?" आणि आले नाहीत. अक्का आली, पण सासूला खरं सांगून नाही. "धाकटीला लई ताप आलाय, बगून येते," असं म्हणून, माझ्या नावावर ताप घालून ती एसटीत बसली. चाचांनी तिचं रक्त काढलं. सुई टोचताना मीच तोंड फिरवलं.

"रक्त माजं, आन् घाम हिला," अक्का म्हणाली. चाचा हसले, मीही हसले. तो मंगळवार होता.

शुक्रवारी ते रक्त उबेच्या पेटीतून काढायचं होतं. शुक्रवारी चाचा दुपारी जुम्म्याच्या नमाजाला जातात. आमची रीत अशी की कोल्चिसिन घातलं की नळीच्या झाकणावर काळ्या मार्करनं बरोबरची खूण करायची आणि वहीत वेळ लिहायची. चाचा खूण लगेच करायचे, वहीत मात्र नमाजाहून आल्यावर लिहायचे. मी झाकणावरची खूण बघायची आणि पाऊण तास झाला की नळी बाहेर काढायची. वर्षानुवर्षं हे न बोलता चालत आलेलं.

त्या दिवशी चाचा निघाले तेव्हा मी पुढच्या खोलीत एका बाईचं रक्त घेत होते. आत आले, उबेच्या पेटीतून अक्काची नळी काढली आणि सगळ्यात आधी तिचं झाकण स्पिरिटच्या कापसानं पुसलं. मला जंतूंची भयंकर भीती. बाकीचे कापूस एकदा फिरवतात, मी तीनदा. एरवी मी आधी खूण बघते, मग पुसते. त्या दिवशी नळीवर बहिणीचं नाव होतं म्हणून आधी पुसलं. मार्करची शाई पाण्यानं जात नाही, स्पिरिटनं जाते. कापूस डब्यात टाकून मी झाकणाकडे पाहिलं तर खूण नाही. वही उघडली तर तिथंही काही नाही. म्हटलं, चाचांचं वय झालं, विसरले. मी औषध घातलं, माझी खूण केली, वेळ लिहिली, आणि वर थोडी खूशही झाले, की बरं झालं माझं लक्ष होतं.

दोन वाजता चाचा आले. टोपी खिशात घालत त्यांनी वहीत पाहिलं.

"सव्वा वाजता? मी तर साडेबारालाच घातलं, बेटा."

त्यांनी कचऱ्याच्या डब्यातला कापूस चिमट्यानं उचलला. तो काळा झालेला. त्यांना समजलं आणि मलाही, की औषध दोनदा पडलं आणि वेळही दुप्पट झाली. ते ओरडले नाहीत. "माझ्या हातून पण झालंय असं. बहिणीला परत बोलव. ताजं रक्त लावू," एवढं म्हणून ते कामाला लागले.

बोलावते म्हटलं. त्याआधी काचपट्ट्या मात्र करून पाहिल्या, न जाणो, बऱ्या निघाल्या तर. भिंगाखाली शेंगदाणे सांडल्यासारखी आखूड, टपोरी गुणसूत्रं होती. प्रत्येक कमरेत बांधलेलं, हात फाकलेले. पुस्तकात छापावेत असे एक्स. मोजले तर सेहेचाळीस, बरोबर. पट्टे म्हणाल तर जिथं आठ-दहा दिसायला हवेत तिथं दोन-तीन काळे डाग. एखादं लहानसं टोक इकडचं तिकडे गेलं असतं तर ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं.

मी अक्काला बोलावलं नाही. कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मला लागोपाठ दुसऱ्यांदा ताप कसा येणार. सासू खोदून विचारेल. अक्काला पुन्हा सुई. खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. अक्काला "माझ्या हातून चुकलं" म्हणायची भीती. मॅडमना कळायची भीती. आणि सगळ्यांच्या तळाशी, चांगल्या पट्ट्या झाल्या तर त्यात काही सापडेल ही भीती. काही न दाखवणारी काचपट्टी मला तेव्हा सोयीची वाटली. हे लिहितानाही माझे कान तापतात.

मॅडम त्या आठवड्यात पुण्याला होत्या आणि संगणकावर पाठवलेली चित्रं पाहून सह्या करत होत्या. मी कितीतरी पेशींतून त्यातल्या त्यात लांब गुणसूत्रं असलेल्या तीन निवडल्या, मोठ्या केल्या, रंग गडद केला, जोड्या लावल्या. रिपोर्टात एक रकाना असतो, गुणसूत्रांच्या दर्जाचा. तिथं खरं लिहिलं असतं तर मॅडमनी पट्टीच मागवली असती. मी लिहिलं, समाधानकारक. खाली निष्कर्ष आपोआप आला, दोष नाही. मॅडमनी सही केली. पुढच्या आठवड्यात चाचांनी विचारलं, "बहीण आली का?" मी म्हटलं, "येऊन गेली, तुम्ही रजेवर होतात तेव्हा." त्यांनी मान हलवली.

फोनवर सांगितलं तेव्हा अक्का नुसती मुसमुसत होती. मग म्हणाली, "मंजी माज्यात काय न्हाय." मी म्हटलं, काही नाही. तिनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

पुढचे महिने मी बऱ्यापैकी विसरले, असं म्हणायला आवडेल. विसरले नाही. नुसती झाकण घालून होते. आणि मग एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. तिच्या आवाजातच हसू होतं.

"ऐक, काल तिसरा म्हैना सरला. म्हनून आता सांगते."

आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, नजर लागते. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. अक्कानं ते कसोशीनं पाळलं होतं. मी भांडी घासत होते, हाताला साबण तसाच. अभिनंदन केलं का, काय म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "या बारीला टिकलंय बग. तुजा कागद पायगुणाचा." मी ओट्याला धरून उभी राहिले. तिच्यासाठी तिसरा महिना सरणं म्हणजे सुटका होती. मला उलटंच दिसत होतं. जो गर्भ पडायचा तो पडून जातो. दोष घेऊन टिकणाराही कधीकधी असतो. हा कशामुळे टिकला, ते सांगणारी पट्टी माझ्यापाशी नव्हती आणि माझ्यामुळेच नव्हती.

सोमवारी मी चाचांना सांगितलं. दोन्ही खोट्या गोष्टी, एक कागदावरची आणि एक त्यांच्याशी बोललेली. ते गप्प झाले. जेवणाचा डबा उघडलेला, तो तसाच बंद केला आणि म्हणाले, "चल, मॅडमकडे." मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता नोकरी गेली, आणि खरं सांगते, त्या दिवशी ती गेली असती तर मला हलकंच वाटलं असतं.

"बहिणीला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी तिला सांग. फोनवर नाही, समोर जाऊन. दिवस भरभर चाललेत, समजतंय ना?"

त्याच दिवशी निघून, अक्कलकोटला गाडी बदलून संध्याकाळी मैंदर्गीला पोचले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यात चूक माझी कमी आणि नशिबाची जास्त होत होती. दारातच सासूबाई. "बा, बा, कूतको," ये, बस, असं कानडीत म्हणाल्या आणि मग मराठीत, "ताप उतरला का गं तुजा? लई दिस ऱ्हायला की." मी मान डोलावली. अक्का मागं शेळ्यांना पाला टाकत होती. अंगानं भरली होती. पदर पोटावर नीट ओढून घ्यायची नवीनच सवय लागलेली.

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "अक्का, तो कागद खोटा आहे."

"खोटा मंजी? दोष हाय?"

"आहे का नाही ते दिसलंच नव्हतं. माझ्या हातून काम बिघडलं होतं. तरी मी चांगलं म्हणून लिहिलं."

ती पाला धरून तशीच उभी. एक शेळी तिच्या हातातला पाला ओढत होती, तिला भान नाही.

"मला परत का न्हाय बोलीवलंस?"

"तुला यायला जमलं नसतं..."

"खरं बोल."

"भ्याले."

"कुनाला?"

"सगळ्यांना. तुला. आणि काही सापडलं तर काय, म्हणून."

अक्का रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत बोलली. "ह्ये नगं म्हनत हुते. आता बास, पोराचा नाद सोड, तुजा जीव जातोय म्हनाले. म्याच कागद दावला त्यास्नी. म्हनलं, माज्या भनीनं बगितलंय. माजी भन एकदा केल्यालं तीनदा बगती."

त्यापेक्षा तिनं मला एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

मग ती उठली, हात झटकले आणि घरात गेली. मी मागोमाग. सासूपुढे उभी राहून म्हणाली, "आत्या, हिला ताप न्हवता. म्या रक्त तपासायला गेलते. खोटं बोलले. उद्या परत जायाचंय, ह्यास्नी घिऊन." सासूबाईंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मला जे कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं ते तिनं चार वाक्यांत केलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही आले. दाजींनी बाही वर सारून हात पुढं केला, माझ्याकडे पाहिलं नाही. चाचांनीच रक्त काढलं, चाचांनीच लावलं. शुक्रवारी कोल्चिसिन घालायला ते नमाजाच्या आधी थांबले, वेळ वहीत तिथल्या तिथं लिहिली आणि ठरल्या वेळेवर स्वतः नळी काढली. पट्ट्या रंगवून झाल्यावर मॅडमनी मला बोलावलं.

"तूच बघ आधी. डोळे तुझे चांगले आहेत. हात लबाड निघाला."

भिंगात डोळा घालायच्या आधी मी दोनदा तोंड धुऊन आले. या वेळी अक्काची गुणसूत्रं लांब होती, सैल, पट्ट्यापट्ट्यांची, मूळ आणि नक्कल अंगाला अंग लावून. कंडेन्सिननं जेवढं आवरायचं तेवढंच आवरलं होतं आणि तिथंच आम्ही त्याला पकडलं होतं. मी एक-एक जोडी लावत गेले. एक, दोन, तीन नंबरच्या ठीक. चारच्या जोडीत एकाचं वरचं टोक जरा फिकट वाटलं. म्हटलं, एकाच पेशीत असेल. दुसरी पेशी पाहिली. तिथंही. आठवर गेले. आठच्या एकाच्या टोकाला जे होतं ते आठचं नव्हतं. दहा पेशी पाहिल्या, वीस पाहिल्या. तरी हात पुढची पेशी शोधतच होता, कुठंतरी टोकं बरोबर निघतील म्हणून. निघाली नाहीत. चारचं टोक आठवर, आठचं चारवर. इतकं लहान की त्या टपोऱ्या एक्समध्ये ते कधीच दिसलं नसतं. आणि मी त्यांना समाधानकारक म्हटलं होतं. पुण्याला पाठवून चमकत्या रंगांनी खात्री करून घेतली. तेच निघालं. दाजींच्या रक्तात काही नव्हतं.

आता प्रश्न बाळाचा उरला. आईकडून त्याला दोन्ही बदललेली मिळाली असतील किंवा दोन्ही चांगली, तर ठीक. एक बदललेलं आणि एक चांगलं मिळालं असेल, तर मात्र नाही. गर्भाभोवतीचं पाणी काढायचं ठरलं, त्यात बाळाच्या पेशी असतात. दवाखान्यात कागदावर सही घेतली, मुलगा की मुलगी हे कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. अक्कानं अंगठ्याशी पेन घट्ट धरून सही केली. पाणी पुण्याला गेलं. पेशी वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, घाई करून चालत नाही.

ते आठवडे मी कसे काढले ते सांगता येत नाही. मला अन्न जाईना. चहा करताना, बसमध्ये, लोकांच्या पट्ट्या बघताना एकच गोष्ट डोक्यात. मैंदर्गीत तिच्या पोटात या घटकेलाही पेशी विभागत असतील, एकेक कडं धाग्यावर बसून फास ओढत असेल, मूळ आणि नक्कल घट्ट धरली जात असेल, वाटणी होत असेल, अगदी बिनचूक. पण आधीच चुकीचं टोक आलं असेल तर तेही तितक्याच बिनचूकपणे पुढं जाणार. त्या कड्याला धागा कळतो, त्यावर काय लिहिलंय ते कळत नाही. हे आठवलं की मला हुडहुडी भरायची, भर उन्हाळ्यात, सोलापूरच्या उन्हाळ्यात.

मधे एकदा मी फोन केला तेव्हा अक्का म्हणाली, "हालतंय."

एवढंच. खुशीत नाही, रडत नाही. जसं काही माहिती म्हणून द्यायची होती ती दिली. शेळ्यांचा आवाज येत राहिला आणि मग फोन कट झाला, का तिनं केला, माहीत नाही. पहिल्यांदाच मला वाटलं की उत्तर वाईट आलं तर तिला ते सांगणारी मी असेन, आणि मला ते जमणार नाही. गर्भ ठेवायचा का नाही हा निर्णय घ्यायचा झाला तर तो घ्यायला दिवसही फार नव्हते. त्यातले कितीतरी मी खाल्ले होते.

रिपोर्ट बुधवारी आला. साडेअकराची वेळ. मॅडमनी हाक मारली. आत गेले तर चाचा आधीच तिथं उभे, मोबाईल शर्टाच्या खिशात घालत होते. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. वाचायच्या आधी मी डोळे मिटले, लहान मुलासारखे. मग उघडले. चार आणि आठ, दोन्ही बदललेली. दोन्ही. आईचं होतं तसंच्या तसं, काही जास्त नाही, काही कमी नाही. ते मूल आपल्या आईसारखं असणार होतं, धडधाकट. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मॅडमनी वाचून दाखवलं. तिथंच खुर्चीवर बसून मी रडले, आवाज करून रडले, आणि चाचांनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

मग बाहेर येऊन अक्काला फोन लावला. दोन वेळा नंबर चुकला.

"अक्का, आला. चांगला आहे. ऐकतेस ना? बाळ चांगलं आहे."

"व्हय, ठावं हाय," ती म्हणाली. आवाज मऊ होता, रडून झालेला. "चाचांनी सांगितलं मगाशी. म्या त्यास्नी सांगून ठिवलं हुतं, आदी तुमी बगा, तुमीच फोन करा."

मी बरं म्हटलं. रस्त्यावरून रिक्षा गेली.

"तू जेवलीस का?" तिनं विचारलं, नेहमीसारखंच, मायेनं.

"हो, जेवले."

ती म्हणाली, "चाचांकडं दे फोन."